खोक्यातलं पुस्तक आणि चौथीतला पोरगा

पत्र:

ताई, मी भुसावळला एका सेमी-इंग्रजी शाळेत चौथीला शिकवते. वाचनालयाचं कपाटही माझ्याचकडे आहे. दिवाळीनंतर शाळेच्या एका माजी विद्यार्थ्याने अमेरिकेहून पुस्तकांची खोकी पाठवली. सगळी चित्रांची, इंग्रजी, त्यांच्या मुलांची वाचून झालेली. पोरं तुटून पडली. त्यातल्या एका जुन्या पुस्तकात एक चिनी माणूस आहे. पिवळाजर्द रंग, डोळ्यांच्या जागी दोन रेघा, डोक्यावर टोकदार टोपी, हातात वाडगा आणि काड्या. माझ्या वर्गात एक नेपाळी मुलगा आहे, वडील एका अपार्टमेंटला वॉचमन आहेत. दुसऱ्याच दिवसापासून पोरं बोटांनी डोळे ताणून त्याला हाका मारायला लागली. मग तो काही दिवस शाळेतच आला नाही. मी ते पुस्तक काढून ठेवलं. हेडमास्तर म्हणाले, "चित्रच तर आहे मॅडम, एवढं काय मनावर घेता." एक सहकारी बाई म्हणाल्या, "चिनी माणसाचं चित्र कसं काढलं याच्याशी आपल्या भुसावळला काय करायचंय?" आता शाळेने वाचनालयासाठी १५ हजार रुपये मंजूर केलेत. पुस्तक काढलं ते माझं चुकलं का? आणि हे पैसे कशावर घालू?

– एक शिक्षिका, भुसावळ

उत्तर:

ताई,

पुस्तक काढलंत ते योग्यच केलंत. हे आधी सांगून टाकते, कारण तुमच्या पत्रात जागोजागी धाकधूक दिसते. नऊ वर्षांचं पोर चित्रांचं पुस्तक एकटं घेऊन बसतं तेव्हा त्याला चित्र आधी भेटतं, मजकूर मागून. भाषा इंग्रजी असली की मजकूर बऱ्याचदा भेटतच नाही. तो माणूस गोष्टीत भला होता की बुरा, याच्याशी तुमच्या वर्गाला कर्तव्यच नव्हतं. त्यांना दोन रेघा दिसल्या आणि वर्गातला एक चेहरा आठवला.

पण हेडमास्तरांचं म्हणणं सरळ उडवून लावू नका. चित्रच तर आहे, हे खरं आहे. कपाटात तसल्या चेहऱ्याची आणखी वीस मुलं असती, कुणी सायकल शिकतंय, कुणी आजीशी भांडतंय, कुणाचा दात पडलाय, कुणी गणितात गचकलंय, तर त्या एका चित्राने फार काही बिघडलं नसतं. गोऱ्या लोकांचं बघा ना. पुस्तकातली चेटकीण कितीही भेसूर काढा, पोरं काही दिसेल त्या गोऱ्या बाईला चेटकीण म्हणत नाहीत. कारण त्याच फळीवर गोऱ्या राजकन्या, गोरे डॉक्टर, गोरी वांड पोरं ढिगाने पडलेली असतात. तुमच्या कपाटात तिरप्या डोळ्यांचा माणूस होता एकच. एकटाच होता म्हणून तो साऱ्यांच्या वतीने बोलला. माझा सगळा रोख या एकटेपणावर आहे. पुस्तक काढल्याने फळीवर एक भोक पडलं इतकंच. ते भरायचं काम अजून बाकी आहे, आणि तुमचे १५ हजार त्यासाठीच आहेत.

ज्या देशातून ती खोकी आली तिथे हा वाद जुना आहे. डॉ. स्यूस हे तिथलं घरोघरचं नाव. त्यांचं पहिलं बालपुस्तक १९३७ सालचं. शाळेतून घरी येणारा एक मुलगा रस्त्यात साधी घोडागाडी बघतो आणि मनातल्या मनात तिची भलीमोठी मिरवणूक करून टाकतो. त्या मिरवणुकीत काड्यांनी खाणारा, पिवळ्या रंगाचा, वेणीवाला एक चिनी माणूस होता. १९७८ साली लेखकानेच त्याचा पिवळा रंग आणि वेणी काढून टाकली. डोळ्यांच्या रेघा, टोपी आणि काड्या तशाच राहिल्या. शेवटी २०२१ साली स्यूस यांच्या पुस्तकांचे हक्क सांभाळणाऱ्या संस्थेने हे पुस्तक आणि आणखी पाच पुस्तकं छापणं बंद केलं. त्यावर तिकडे बरीच बोंबाबोंब झाली, दोन्ही बाजूंनी. मला स्वतःला छपाई थांबवण्यापेक्षा ती १९७८ ची दुरुस्ती जास्त बोलकी वाटते. रंग बदलला, वेणी कापली, पण माणूस मिरवणुकीतलं नवल होता तो नवलच राहिला. शेजारी राहणारा, किराणा आणायला निघालेला असा कुणी तो झालाच नाही.

आता तुमच्या सहकारी बाईंसाठी एक गोष्ट. त्याच मिरवणुकीत निळ्या हत्तीवर माणकं ल्यायलेला एक राजा बसलेला आहे. तो आपल्याकडचा. चिनी माणूस काड्या घेऊन, हिंदी माणूस हत्तीवर, दोघांची पंगत एकच.

विस्कॉन्सिन विद्यापीठातलं बालपुस्तकांचं एक केंद्र बरीच वर्षं मोजदाद ठेवतं की वर्षभरात आलेल्या पुस्तकांत कुणाची मुलं दिसतात. २०१८ सालच्या पुस्तकांत मुख्य पात्र म्हणून निम्मी मुलं गोरी होती. प्राणी वगैरे २७ टक्के. आशियाई वंशाची मुलं ७ टक्के. अस्वल-सशांच्या वाट्याला आलेली जागा आशियाई मुलांच्या जवळपास चौपट. आणि त्या ७ टक्क्यांत चीन, जपान, कोरिया, व्हिएतनाम, फिलिपिन्स आणि आपण असे सगळे दाटीवाटीने बसलेले. जळगाव-भुसावळकडची कितीतरी पोरं इंजिनिअर होऊन तिकडे गेली, खोकी पाठवणारे तुमचे माजी विद्यार्थीही बहुधा त्यांतलेच. त्यांची लेकरं तिथल्या शाळेत डबा उघडतात तेव्हा तीही त्याच रकान्यात मोजली जातात. भुसावळला याच्याशी काय करायचंय ते असं.

तिथे यावर लिहिणाऱ्यांत रुडीन सिम्स बिशप या प्राध्यापक बाईंचं नाव आधी घेतात. १९९० साली त्यांनी म्हटलं की मुलाला पुस्तक कधी आरशासारखं हवं, कधी खिडकीसारखं. हे आता सगळीकडे इतकं उगाळून झालंय की मी त्यावर रेंगाळत नाही. फक्त एक सांगते. त्यांच्या लेखात गोऱ्या मुलांबद्दलही लिहिलंय, आणि ते सहसा कुणी सांगत नाही. ज्यांना जिकडे तिकडे आपलाच चेहरा दिसतो, त्यांचंही त्यात नुकसान होतं, कारण जगात आपण किती थोडे आहोत हे त्यांना कळतच नाही. तुमच्या वर्गात डोळे ताणणाऱ्या पोरांकडे या नजरेने बघा. ती दुष्ट नाहीत. त्यांना कुणी दुसरं काही दाखवलंच नाही.

चित्र बदलल्याने किती फरक पडतो ते एका जुन्या गोष्टीवरून दिसतं, आणि ती आपल्या मातीतली आहे. १८९९ साली, हिंदुस्थानात राहणाऱ्या हेलन बॅनरमन या स्कॉटिश बाईंची एक गोष्ट छापली गेली. वाघ एका पोराचे नवे कपडे हिसकावून घेतात, मग 'मी मोठा की तू' म्हणून भांडतात, एकमेकांच्या शेपट्या तोंडात धरून झाडाभोवती गरगर फिरतात, इतके की त्यांचं तूप होतं. पोराचा बाप ते तूप घरी आणतो आणि आई त्यात धिरडी करते. वाघ आपले, तूप आपलं. पण पोराचं नाव आणि चित्रं अशी होती की अमेरिकेत तिचा काळ्या लोकांची टवाळी करायला वापर झाला, आणि काळ्या पालकांनी ती शाळांतून काढा म्हणून वर्षानुवर्षं धोशा लावला. १९९६ साली फ्रेड मार्सेलिनो या चित्रकाराने मजकूर जवळपास तसाच ठेवून पात्रांना हिंदी वळणाची नावं दिली आणि चित्रं नव्याने काढली. पोराचं नाव झालं बाबाजी. (त्याच्या आईचं नाव मामाजी ठेवलंय. आपली पोरं त्यावर खिदळतील, खिदळू द्या.) तेच वाघ, तेच तूप, पण आता ती गोष्ट कुठल्याही मुलाच्या हातात बिनधास्त देता येते.

चिडवण्याचं पुढे काय होतं, हेही हेडमास्तरांच्या कानावर घाला. जानेवारी २०१४ मध्ये दिल्लीत लाजपतनगरच्या बाजारात अरुणाचलचा नीदो तानिया हा विद्यार्थी मारहाणीनंतर मेला. सुरुवात झाली होती त्याच्या केसांवरून, दिसण्यावरून केलेल्या टवाळीने. त्यानंतर नेमलेल्या बेझबरुआ समितीने ईशान्य भारत शालेय अभ्यासक्रमात नीट यावा असंही सुचवलं. पुढे २०२० च्या साथीत याच चेहऱ्यांच्या आपल्याच देशबांधवांना रस्त्यात 'कोरोना' म्हणून हिणवलं गेलं. हे करणारे मोठे लोक कधीतरी चौथीत होतेच की.

आता आपलं मराठी कपाट. परदेशी पुस्तकांना नावं ठेवून झाली की बरं वाटतं, पण आपलंही फार वेगळं नाही. मराठी गोष्टीतलं पोर बऱ्याचदा पुण्या-मुंबईचं असतं, आणि मे महिना लागला की ते कोकणात मामाकडे जातं. आमराई, समुद्र, फणस. भुसावळचा मे महिना कुणाच्या गोष्टीत आहे? सकाळी दहाला रस्ते ओस, कूलरमध्ये पाणी भरायची पाळी कुणाची यावरून भावंडांत मारामारी, गच्चीवर खाटेवर बिबडे वाळत घातलेत आणि राखण करणारं पोरच अर्धे ओले बिबडे खाऊन टाकतंय. आखाजीचे झोके, कानबाईचे रोट, भुलाबाईच्या गाण्यांनंतर झाकलेली खिरापत ओळखायचा खेळ, केळीच्या गाड्या भरताना सावद्याच्या रस्त्यावरची गर्दी. हे आमच्या पोरांनी छापलेलं फारसं पाहिलेलंच नसतं. छापलेलं नसलं की पोरांची समजूत होते, आपलं घर गोष्टीत घालण्याजोगं नाही. बहिणाबाईंची कविता पुस्तकात आली की आसोदा-भादलीकडची पोरं एकदम ताठ बसतात, कारण त्या पानावर त्यांची आजी बोलते. पण एका कवितेवर एवढा मुलूख किती दिवस काढणार?

आणि खान्देशी पोरांहूनही कडेला असलेली मुलं आहेतच. तुमच्याकडे यावल-रावेरच्या तडवी घरांतली, चोपडा-शिरपूरकडून आलेली पावरा मुलं असतील. मराठी चित्रांतला आदिवासी आठवा. पिसं, भाला, शेकोटी, गोल करून नाच. शाळेच्या गॅदरिंगमध्ये तोंडाला काळं फासून पानं गुंडाळतात तोच. सातपुड्यातला पोरगा एसटीच्या टपावर दप्तर टाकतोय, आश्रमशाळेत पहिल्या रात्री झोप लागत नाही म्हणून कड बदलतोय, मोबाइलला रेंज यावी म्हणून टेकाडावर चढलाय, असं चित्र मी फार क्वचित पाहिलं. त्या पिवळ्या माणसाचं चित्र आणि हे पिसांचं चित्र, काढणारे वेगळे, खोड एकच. तेव्हा अमेरिकेच्या खोक्याला लावाल तीच चाळण गॅदरिंगलाही लावा.

याचा अर्थ मुलाला फक्त त्याच्यासारख्याच मुलाची गोष्ट द्यावी, असा कुणी काढला तर मी हात जोडीन. साने गुरुजी अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात मास्तर होते, वसतिगृहातल्या पोरांसाठी हाताने दैनिक लिहून काढायचे. त्यांनी सांगितलेलं बालपण मात्र कोकणातल्या पालगडचं. त्या पालगडच्या आईसाठी खान्देशात पिढ्यानपिढ्या रडल्या, कुणाला समुद्र पाहिलेला नसण्याची अडचण आली नाही. दुसऱ्याच्या घरात शिरायला पोरं तयारच असतात. तक्रार एवढीच की काहींच्या घरी सगळे जातात आणि काहींच्या घरी कुणी फिरकतच नाही.

तुमच्या वर्गातल्या त्या मुलाकडे येते. मला तोच जास्त महत्त्वाचा.

आधी त्याच्या घरी जा. वडिलांची रात्रपाळी असेल तर दिवसा ते झोपलेले असणार, म्हणून ड्युटीवर निघायच्या आधी, संध्याकाळी जा. तक्रार ऐकून घ्यायला जा, समजूत घालायला नको. तुम्ही पत्रात 'नेपाळी' म्हटलंय. ते कुटुंब नेपाळचं असेल, दार्जिलिंगचं असेल, सिक्कीमचंही असेल. नेपाळी ही १९९२ पासून आपल्या राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत आहे, कोकणी आणि मणिपुरीबरोबरच आत आली. हेही हेडमास्तरांना सांगायला उपयोगी पडेल.

चिडवण्यात पुढे असणारी दोन-तीन पोरं कोण ते तुम्हाला माहीत असणारच. त्यांना वेगवेगळं बोलवा, घोळक्यात नको. अख्ख्या वर्गासमोर, तो मुलगा बसलेला असताना, "सगळे समान असतात" यावर भाषण मात्र देऊ नका. चाळीस डोळे वळून त्याच्याकडेच बघतील. आणि कृपा करून त्याला उभं करून "नेपाळबद्दल दोन शब्द सांग" म्हणू नका. वर्गातल्या कुठल्या पोराला आपण "भुसावळबद्दल सांग" म्हणून उभं करतो? त्याला कदाचित बॉलिंग हवी असेल, किंवा मॉनिटर व्हायचं असेल. ते द्या.

वर्गाला मात्र एक गोष्ट वाचून दाखवा. तारो याशिमा नावाचे जपानी चित्रकार होते, जपानच्या लष्करशाहीला विरोध करून १९३९ मध्ये अमेरिकेत गेलेले. त्यांचं 'क्रो बॉय' हे पुस्तक १९५५ सालचं. इंग्रजी प्रत मिळाली तर चित्रं दाखवत सांगा, नाही मिळाली तर तोंडी सांगा. जपानातल्या खेड्यातल्या शाळेत एक किडकिडीत मुलगा येतो. पहिल्या दिवशी तो शाळेच्या लाकडी जमिनीखाली लपून बसलेला सापडतो. मास्तरांना भितो, पोरांना भितो, काही शिकू शकत नाही. पोरं त्याला बुटका म्हणतात आणि सोडून देतात. तो मग छताकडे बघत बसतो, बाकाच्या लाकडातल्या रेषा बघतो, पुढच्या मुलाच्या सदऱ्याचं ठिगळ बघतो. अशी पाच वर्षं जातात. सहावीत नवे मास्तर येतात. त्यांना त्याची चित्रं आवडतात, ते ती भिंतीला लावतात. त्याला कुठे जंगली द्राक्षं असतात, कुठे कंदमुळं असतात सगळं माहीत आहे, हे त्यांना कळतं. गॅदरिंगच्या दिवशी तो मंचावर चढतो तेव्हा पोरं म्हणतात, हा बावळट काय करणार? तो कावळ्यांचे आवाज काढतो. अंड्यातून नुकत्याच निघालेल्या पिल्लाचा, आईचा, बापाचा, आणि शेवटी लांब डोंगरातल्या, जिथे त्याचं घर आहे तिथल्या झाडावरच्या कावळ्याचा. मग मास्तर सांगतात की हे आवाज तो शिकला कुठे: सहा वर्षं रोज पहाटे घरातून निघून, सूर्य मावळताना परत पोचून. एकही दिवस त्याची शाळा चुकलेली नाही. आयाबायांसकट सगळे रडतात.

ही गोष्ट मी मुद्दाम सविस्तर सांगितली. तिच्यात चिडवणारे जपानी, चिडवला जाणारा जपानी, मास्तर जपानी. तिरपे डोळे सगळ्यांचेच, त्यामुळे डोळ्यांवरून गोष्ट हलतच नाही. तुमच्या वर्गातली पोरं तिथे आपापली जागा शोधतील, आणि बहुतेकांना ती चिडवणाऱ्यांच्या बाकावर सापडेल. तुम्ही काही बोलू नका. गोष्ट संपली की सरळ गणिताचा तास सुरू करा.

आता पैसे. किलोच्या भावाने परदेशी पुस्तकं विकणारी प्रदर्शनं लागतात, तिकडे पाय वळवू नका. तिथे तुमच्या खोक्यातलाच माल भरलेला असतो. 'जगभरातील मुले' छापाची पुस्तकंही नकोत. जपानला किमोनो, चीनला पांडा, भारताला साडी आणि मोर, प्रत्येकाला एक पान. दिसायला उदार, पण ती त्या जुन्या मिरवणुकीचीच नवी आवृत्ती असतात. स्टॉलवर उभं राहून पुस्तक पारखायची माझी रीत सोपी आहे. मजकुरावर हात ठेवून फक्त चित्रं बघायची. वेगळा दिसणारा कुणी असेल तर तो गोष्टीत स्वतः काही करतो का? चुकतो, ठरवतो, भांडतो? की नाचून, शहाणपणाचं एखादं वाक्य बोलून, नायकाला वाट दाखवून निघून जातो? पाच मिनिटं लागतात. दुकानदार वैतागतो, वैतागू द्या.

मराठी आधी घ्या. चौथीच्या पोरांना जी भाषा अडखळत वाचावी लागते तिच्यात डोळ्यांच्या रेघाच लक्षात राहतात. माधुरी पुरंदरे यांची पुस्तकं घ्या, त्यांतली मुलं रोजच्या घरातली असतात आणि चित्रंही त्यांचीच असतात. चेन्नईच्या तूलिका प्रकाशनाची आणि प्रथम बुक्सची चित्रपुस्तकं मराठीतही येतात, त्यांत लडाखपासून केरळपर्यंतचे चेहरे आहेत. चांगल्या पुस्तकाच्या दोन-दोन प्रती घ्या, एक कपाटात टिकते, दुसरी घरोघर फिरून फाटते, आणि फाटलेली प्रतच खरी वाचलेली. 'किशोर' मासिक बालभारतीचं, १९७१ पासूनचं. त्याची वर्गणी स्वस्त आहे आणि जुने अंक संगणकावर फुकट बघता येतात.

निदान दोन-अडीच हजार छपाईसाठी बाजूला ठेवा. प्रथम बुक्सचा 'स्टोरीवीव्हर' हा खुला संग्रह २०१५ पासून आहे, तिथली पुस्तकं उतरवून घेऊन छापायला परवानगी लागत नाही. मराठी भरपूर आहे आणि नेपाळीही आहे. एकच गोष्ट दोन्ही भाषांत काढा, झेरॉक्सवाल्याकडून रंगीत प्रिंट आणि स्पायरल करून घ्या. नेपाळी देवनागरीतच लिहितात हे वर्गाला ठाऊक नसेल. 'यो मेरो घर हो' हे त्यांना लगेच वाचता येईल, आणि वाचता आलं की धडाधड पुढचं वाचायची चुरस लागेल. उच्चार कुठे चुकला ते सांगणारा वर्गात एकच आहे. त्याला उभं न करता हे आपोआप होऊ द्या.

'तोत्तोचान' तुमच्या कपाटात नसेल तर उद्याच मागवा. नॅशनल बुक ट्रस्टने मराठीत आणलंय. तेत्सुको कुरोयानागी यांनी लिहिलेली आपल्याच शाळेची हकिकत, पहिलीतच शाळेतून काढून टाकलेल्या मुलीची. नव्या शाळेचे वर्ग रेल्वेच्या जुन्या डब्यांत भरतात. भुसावळच्या पोरांना याहून काय हवं? निम्म्यांचे बाप लोको शेडमध्ये नाहीतर यार्डात. रोज एक प्रकरण वाचा. पोलिओ झालेल्या दोस्ताला ती झाडावर चढवते ते प्रकरण सुटता कामा नये. डब्यात काहीतरी समुद्रातलं आणि काहीतरी डोंगरातलं आणा असं मुख्याध्यापक सांगतात, तेही वाचा. मग आपल्या वर्गात कुणाच्या डब्यात काय आहे यावर एकेका पानाचं हस्तलिखित होऊन जाऊ द्या, घरच्या बोलीत. कळण्याची भाकरी, ठेचा, इडली, लिट्टी, जे असेल ते. रेल्वेमुळे तुमच्या गावात देशभरातले डबे आहेत, एवढी सोय पुण्यातल्या शाळेलाही नाही. चित्रं काढताना एक बघा. पोरं 'स्किन कलर दे' म्हणून पेटीतला तो फिका गुलाबी खडू मागतात आणि स्वतःच्या सावळ्या बापाला तो फासतात. त्या दिवशी पेटीतले तपकिरी खडू आधी वाटा. अमेरिकेतल्या क्रेयोला कंपनीने आपल्या तसल्या खडूचं नाव १९६२ सालीच बदललं. आपल्याकडे पोरांच्या तोंडी अजून 'स्किन'च आहे.

सहल ठरवायची असेल तर अजिंठा, जळगावहून साठेक किलोमीटर. सतराव्या लेण्यात महाकपीची जातककथा रंगवलेली आहे. माकडांचा राजा आपलं अंग ताणून पूल करतो आणि सगळी माकडं त्याच्यावरून पार होतात. या जातकांतल्या गोष्टी बौद्ध भिक्षूंबरोबर मध्य आशियातून चीन, कोरिया, जपानपर्यंत गेल्या. काळीज झाडावर ठेवून आलोय म्हणणारं आपलं माकड जपानी लोककथेतही आहे, तिथे मगरीऐवजी जेलीफिश आला. इतिहासात शिकवतो तो ह्युएन त्संग चीनमधल्या एका प्रचंड लाडक्या कादंबरीचं पात्र आहे, आणि त्याच्या बरोबरीला महाखोडकर माकड आहे. डोळे ताणणाऱ्या पोरांना लेण्यात उभं करून हे सांगा. 'चिनी' म्हणजे कोण, याचं दुसरं चित्र त्यांना तिथे मिळेल, आणि त्या चित्रात आपणही आहोत हे दिसेल.

काढलेलं पुस्तक फेकू नका, तुमच्या कुलपात ठेवा. सातवी-आठवीच्या मुलांपुढे ते उघडता येतं. "हे कुणी, कधी, कुणासाठी काढलं असेल?" असं विचारलं की ती पोरं आपल्याला गार करतात.

खोकी पाठवणाऱ्या गृहस्थांना आभाराचं पत्र अजून गेलं नसेल तर त्यात मोकळेपणाने लिहा. त्यांचं मन दुखावेल असं तुम्हाला वाटत असेल, पण त्यांच्या मुलांनीही तिथे हेच सोसलं असण्याचा संभव आहे, त्यांना तुमच्याहून लवकर कळेल. पुढच्या खेपेला खोक्याच्या बोटभाड्याचे पैसे शाळेच्या खात्यात टाका म्हणावं, आणि यादी आम्ही पाठवतो. यादी आधी तयार ठेवा, हेडमास्तरांची सही घेऊन.